मँगर्टनचं जोतं: आर्मस्ट्राँगांच्या गढ्यांच्या शोधात

न्यूकॅसलला शिकणाऱ्या भाच्याकडे एप्रिलमध्ये जायचं ठरलं, तेव्हाच त्याने विचारून ठेवलं होतं, "मावशी, एडिंबराचा किल्ला बघायचाय की पडलेल्या गढ्या?" मी साताऱ्याची. अजिंक्यतारा, सज्जनगड, वैराटगड, कमळगड असं करत वाढलेली. पडक्या जागांची ओढ मला पहिल्यापासून जास्त. त्यामुळे आम्ही दोघं इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर आर्मस्ट्राँग घराण्याच्या गढ्या शोधायला निघालो.

हे आर्मस्ट्राँग कोण, ते आधी सांगते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड आणि स्कॉटलंडची युद्धं पेटली आणि अधूनमधून थांबत तीनशे वर्षं चालली. प्रत्येक स्वारी याच सीमेवरच्या खोऱ्यांतून जायची. उभं पीक जळायचं, घरं जळायची. मग इथल्या माणसांनी जे हाकून नेता येतं त्यावर जगायला सुरुवात केली: दिवसा स्वतःची गुरं, रात्री दुसऱ्याची. आर्मस्ट्राँग, एलियट, स्कॉट, केर, ग्रॅहम अशी कितीतरी घराणी सीमेच्या दोन्ही अंगांना होती. त्यांना रीव्हर म्हणतात. युद्ध असलं की राजे त्यांना स्वार म्हणून वापरायचे, तह झाला की त्यांनाच चोर ठरवून लटकवायचे. यांतले आर्मस्ट्राँग सर्वांत दांडगे. १५२८च्या सुमारास ते तीन हजार स्वार उभे करू शकत, असं सांगतात. लिड्सडेल हे त्यांचं खोरं आणि मँगर्टन हे घराण्याच्या प्रमुखाचं ठाणं. प्रमुखाचा भाऊ जॉनी खाली एस्क नदीकाठी गिलनॉकीला राहायचा, आणि सगळ्यांत गाजला तो हाच.

जॉनीची गिलनॉकी नेमकी कुठे होती आणि मँगर्टनचं काय उरलंय, हे दोन प्रश्न घेऊन आम्ही निघालो.

शुक्रवार: कार्लाइल

न्यूकॅसलहून कार्लाइलला टाइन नदीच्या काठाने जाणारी गाडी दीडेक तासात पोचवते. तिथे भाड्याची मोटार घेतली. पाऊस बारीक पण न थांबणारा. अशा पावसात छत्रीचा उपयोग होत नाही, टोपीचं जाकीट हवं.

कार्लाइलचा किल्ला तांबूस दगडाचा, बुटका आणि रुंद. बघताना त्याच्या देखणेपणाचा विचार मनात येत नाही, येतो तो वजनाचा. पण माझं लक्ष होतं बाहेरच्या तटाकडे. १५९६च्या मार्चमध्ये किनमाँट विली नावाच्या आर्मस्ट्राँगला इंग्लिश माणसांनी पकडून इथे आणलं. पकडलं तो तहाचा दिवस होता. सीमेचा बंदोबस्त बघणारे दोन्हीकडचे अधिकारी, म्हणजे वॉर्डन, ठरलेल्या दिवशी भेटायचे, तक्रारी मिटवायचे, आणि त्या दिवशी सूर्योदयापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत कोणी कोणाला हात लावायचा नाही, असा कायदा होता. विली त्या भेटीवरून घरी परतत असताना त्याला धरलं. स्कॉट घराण्याचा प्रमुख बक्लू याने रीतसर मागणी केली, पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. मग १३ एप्रिलच्या रात्री, वादळी पावसात, दुथडी भरलेली ईडन नदी ओलांडून थोडीशी माणसं या तटापाशी आली. शिड्या आखूड पडल्या. त्यांनी एक मागचं दार फोडलं, विलीला बाहेर काढलं आणि उजाडायच्या आत सीमा गाठली. एलिझाबेथ राणीचा संताप झाला, दोन देशांत पत्रापत्री झाली, पण विली परत कधी इंग्रजांच्या हाती लागला नाही.

आम्ही होतो तेव्हा महिना तोच आणि पाऊसही तसाच. मागच्या बाजूने नदीच्या दिशेला बघत बराच वेळ उभी होते. भाचा घाई करत नाही, हा त्याचा मोठा गुण.

किल्ल्यासमोरच्या रस्त्याखाली टली हाउस संग्रहालयाकडे जाणारा भुयारी मार्ग आहे. त्यात चौदा टनांचा एक घोटीव ग्रॅनाइट ठेवलाय आणि त्यावर शाप कोरलाय. १५२५ मध्ये ग्लासगोचा आर्चबिशप गॅव्हिन डनबार याने सीमेवरच्या सगळ्या रीव्हरांना दिलेला हा शाप. मूळ मजकूर हजारावर शब्दांचा, दगडावर त्यातला काही भाग. डोकं, केस, चेहरा, डोळे, तोंड, जीभ, दात करत तो पायाच्या तळव्यापर्यंत येतो. मग चालताना, बसताना, जेवताना, झोपताना शाप. मग बायकापोरं, गडीमाणसं, गुरं, नांगर, कोंबड्यासुद्धा. इतका तपशीलवार तळतळाट मी कधी वाचला नव्हता. हा मजकूर सीमेवरच्या चर्चांमधून लोकांना वाचून दाखवत.

दगड २००१ मधला, कलाकार गॉर्डन यंग, आणि यंग हेही रीव्हरांचंच एक आडनाव. त्याच वर्षी या भागात गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची भयानक साथ आली, २००५ मध्ये शहर पुरात बुडालं, तेव्हा हा दगड काढून टाका अशी मागणी नगर परिषदेपर्यंत गेली. दगड राहिला. मला वाटतं बरंच झालं. पायाखालच्या फरशीवर घराण्यांची नावं कोरली आहेत. एक मुलगी वडिलांचा हात धरून आपलं आडनाव शोधत होती. सापडल्यावर ती त्या फरशीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली.

रात्री भाच्याने वेटोळं घातलेलं लांबलचक कंबरलंड सॉसेज मागवलं. मी मसुरीचं दाट सूप आणि ब्रेड. हे सूप या भागात जवळजवळ सगळीकडे मिळतं. ते शाकाहारी आहे ना, एवढं मात्र विचारावं, कारण काही ठिकाणी त्यात हॅम टाकतात.

शनिवार: वादातली जमीन आणि गिलनॉकी

ए-७ रस्त्याने उत्तरेला. लाँगटाउन सोडल्यावर पाऊस थांबला. आकाश स्वच्छ झालं नाही, पण वर गेलं.

एस्क आणि सार्क या दोन नद्यांमधली साधारण दहा मैल लांब आणि चार मैल रुंद पट्टी दोन्ही देश आपली म्हणायचे, म्हणून ती कोणाचीच नव्हती. नियम असा होता की दिवसा दोघांनीही गुरं चारावीत, सूर्य मावळला की परत न्यावीत, आणि कायमचं घर कोणी बांधू नये. बांधलं तर जाळायची मुभा. १५५१ मध्ये तर दोन्ही बाजूंनी जाहीर केलं की इथे कोणी कोणाला लुटलं, मारलं, तर दाद मिळणार नाही. पुढल्याच वर्षी मात्र वाटणी झाली. स्कॉटांनी एक रेघ आखली, इंग्रजांनी दुसरी, फ्रेंच राजदूताने मधली काढून दिली. त्या रेषेवर दोन समांतर चर खणून माती मध्ये टाकली आणि साडेतीन मैलांचा बांध घातला. त्याचं नाव स्कॉट्स डाइक.

तो आजही आहे, आणि तो बघायला थांबावं असं मी कळकळीने सांगेन. झाडांची एक लांब पट्टी दिसते, आत शिरलं की मध्ये बुटका उंचवटा आणि दोन्ही बाजूंना ओलसर खळगे. पाटी शोधू नका, जमीन बघा. बूट पाणी न शिरणारे आणि घोट्याच्या वरचे हवेत. आम्ही अर्धा तास त्या बांधावरून चाललो. डावा पाय इंग्लंडात आणि उजवा स्कॉटलंडात टाकत चालण्यात भाच्याला फार आनंद झाला.

पुढे कॅननबीच्या थोडं वर, एस्कच्या पश्चिम काठावर, होलोज नावाच्या वस्तीत गिलनॉकी टॉवर उभा आहे. रस्त्यावर पाटी, नकाशावर नाव, पुस्तिकांवर फोटो. चौकोनी, चार मजली, सहा फुटांच्या आसपास जाड भिंती. तळाचा मजला कमानीच्या छताचा, गुरं आत घ्यायला. वर जायला अरुंद चक्री जिना. छपराच्या टोकाला जाळ पेटवायची दगडी जागा, शत्रू दिसला की खोऱ्याला इशारा द्यायला. विसाव्या शतकात हा बिनछपराचा उभा होता. १९७८ ते ८० या काळात त्याची नीट डागडुजी झाली. आता आत आर्मस्ट्राँग घराण्याचं केंद्र आहे.

तिथले वयस्क गृहस्थ स्वतः आर्मस्ट्राँग होते. आम्ही कुठून आलो विचारलं. सातारा म्हटल्यावर त्यांनी मोठा नकाशा पुढ्यात ओढला आणि बोट ठेवायला लावलं. मग त्यांनी दारापाशी नेऊन एक दगड दाखवला. त्यावर सर्पिल नक्षी, रीव्हरांच्याही हजारो वर्षं आधीची. कुठल्यातरी प्राचीन जागेवरून उचललेला दगड बांधकामात वापरलाय. "आमच्या पूर्वजांनी दगडसुद्धा पळवला," ते म्हणाले आणि मनापासून हसले.

मी त्यांना सरळच विचारलं, जॉनी इथेच राहायचा का? ते थोडे थांबले. म्हणाले, "पाटी तसं म्हणते. तुम्ही पुलापर्यंत चालत जा, पलीकडे बघा, आणि मग ठरवा."

हाच तो वाद आहे. जुन्या कागदांत होलोज आणि गिलनॉकी अशी दोन नावं येतात. १५२८ मध्ये इंग्लिश वॉर्डन लॉर्ड डेकरच्या माणसांनी होलोज जाळलं, आणि आर्मस्ट्राँगांनी इंग्लंडात शिरून नेदरबी जाळलं. एक मत असं की आजचा टॉवर म्हणजेच जॉनीची जागा, पुन्हा बांधलेली. दुसरं मत असं की जॉनीची खरी गिलनॉकी नदीच्या खालच्या अंगाला, समोरच्या काठावर होती.

आम्ही चाललो. अंतर थोडंच आहे. एस्क त्या जागी खोल घळीतून, तांबड्या खडकांमधून जाते. पाणी काळपट तपकिरी, पावसाने फुगलेलं. काठावर रानलसणाचा हिरवा गालिचा आणि त्याचा वास. गिलनॉकी पुलावरून पलीकडे गेलो. पुलाच्या पूर्व टोकाशी, झाडीत, नदीच्या वर एक उंच सुटं टोक आहे. नदीकडून सरळ तुटलेला उतार. आणि जिथे हे टोक मागच्या जमिनीला जोडलंय तिथे आडवा खंदक, आतल्या बाजूला मातीचा तट.

बांधकाम काही नाही. एक दगडही रचलेला दिसत नाही. जुन्या गढीचे दगड या पुलाला लागले असं इथे सांगतात. पण ज्याने पन्नास पडके गड पाहिलेत त्याला अशा जागी कोणी समजावून सांगावं लागत नाही. मी खंदकात उतरून तटाकडे बघितलं तेव्हा तो माझ्या डोक्याच्या वर होता, एवढी शतकं पाणी-पाऊस खाऊनही. माची तोडून खंदक मारायची ही पद्धत आपल्याकडच्या कितीतरी डोंगरी किल्ल्यांवर आहे.

भाचा म्हणाला, "मावशी, हा खंदक जॉनीच्याही आधीचा असू शकतो." असू शकतो, आणि काही अभ्यासक तसं म्हणतातही. तरी माझं मत तिथेच पक्कं झालं. पश्चिम काठ वादातल्या जमिनीत, तिथे बांधलेलं कोणीही कायद्याने जाळावं. पूर्व काठ निर्विवाद स्कॉटलंडात. जो माणूस दोन्ही राजांशी खेळतोय तो आपलं नाव लावायचं घर या टोकावर ठेवील, आणि समोरच्या काठावर चौकी. तुम्ही जाल तेव्हा दोन्ही बघा आणि आपलं मत बनवा. टॉवरला तिकीट आहे, उघडण्याच्या वेळा मोसमानुसार बदलतात, आधी चौकशी करावी. मातीच्या तटाला तिकीट नाही, पण मे महिन्यानंतर पालवी आणि नेचे एवढे वाढतात की खंदक दिसणार नाही. यासाठी मार्च-एप्रिल किंवा पानगळीनंतरचे दिवसच योग्य.

जेवण त्या तटावरच. मी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून आणली होती. वर झाडावर कावळ्यांची वसाहत होती, त्यांच्या कलकलाटात एकमेकांचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं.

रविवार: लँगहोम, माल्कमचा स्तंभ आणि कारलॅनरिग

लँगहोम हे तीन पाण्यांच्या संगमावरचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. करड्या दगडाची घरं, अरुंद रस्ता, आणि गावाच्या डोक्यावर व्हाइटा नावाचा गोल डोंगर. चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँग १९७२च्या मार्चमध्ये इथे आला होता. गावाने त्याला पहिला मानद नागरिक केलं. त्या समारंभात आर्मस्ट्राँग दिसला की फाशी द्यावा असा जुना कायदा गमतीने वाचून दाखवला गेला. ज्या घराण्याला चारशे वर्षांपूर्वी उखडून टाकलं, त्याच नावाच्या माणसाचं इथे असं स्वागत व्हावं, हे मला फार आवडलं.

सकाळी व्हाइटा चढलो. चढ सोपा, तासाभराचा, पण वर वारा उभं राहू देत नाही. माथ्यावर शंभर फुटांचा दगडी स्तंभ आहे, १८३५ मध्ये सुरू केलेला. खाली जाऊन नाव वाचलं आणि थबकले. सर जॉन माल्कम.

हा आमचा माल्कम! १७६९ मध्ये इथून जवळच बर्नफूटला जन्मलेला, तेराव्या वर्षी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गेलेला. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला. १८१८च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती याच्यापुढे, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली. तिथल्या बाजारपेठेला माल्कम पेठ म्हणतात ते याच्यावरून. लहानपणी त्या पेठेतून चणे घेत हिंडले, आणि तो माणूस या खोऱ्यातला निघाला.

स्तंभाच्या आडोशाला बसून मी भाच्याला एक गोष्ट सांगितली, जी त्या सगळ्या प्रवासात माझ्या मनात घोळत राहिली. १८१८ नंतर इंग्रजांनी आमच्याकडच्या कितीतरी किल्ल्यांचे तट पाडले, पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनची तुटलेली वाट त्याने स्वतः पाहिली आहे. कारण एकच, पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये. आणि त्याच्या दोनशे वर्षं आधी, १६०३ मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, तेव्हा मधली सीमा उरली नाही आणि रीव्हरांची गरजही उरली नाही. मग इथल्या गढ्या पाडल्या, माणसं लटकवली, कित्येकांना आयर्लंडला हाकललं. या खोऱ्यात जे घडलं तेच आमच्या डोंगरांत घडलं, आणि ते घडवणाऱ्यांत या खोऱ्यातला एक मुलगा होता. मला त्याचा राग आला का? आला. त्याच्या स्तंभाखाली बसून चहा प्यायले, तरी आला.

खाली उतरून एका छोट्या दुकानात सेल्कर्क बॅनक घेतला. मनुका घातलेला गोल, जाड पाव, लोणी लावून खायचा. दुकानातल्या बाई म्हणाल्या, जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी या, आमचं कॉमन रायडिंग बघा. शेकडो घोडेस्वार गावाच्या गायरानाच्या हद्दी फिरून तपासतात आणि मिरवणुकीत काठीवर सातूची भाकरी आणि खारवलेला मासा ठोकून नेतात. दरवर्षीचा हा सोहळा त्या इतक्या आपुलकीने सांगत होत्या की मागे रांग लागली तरी कोणी कुरकुरलं नाही. रांगेतले दोघं उलट तपशिलात भर घालत होते.

दुपारी ए-७ ने आणखी तेरा-चौदा मैल वर, टेव्हिअटहेडजवळ कारलॅनरिगला. रस्ता दोन उघड्या डोंगरांच्या खिंडीतून चढतो. अचानक गारा आल्या, पाच मिनिटांत ऊन पडलं.

१५३०च्या जुलैमध्ये पाचवा जेम्स, वय अठरा, मोठं सैन्य घेऊन सीमेवर उतरला. जॉनीला भेटीचं निमंत्रण गेलं. त्याला वाटलं राजा समेट करणार. तीस-चाळीस माणसं घेऊन, उत्तम पोशाख करून, तो राजाला भेटायला आला. राजाने त्याचा थाट बघितला आणि सगळ्यांना धरायला सांगितलं. जॉनीने आपली माणसं राजाच्या चाकरीत द्यायची तयारी दाखवली, स्कॉटलंडमध्ये आपण कोणाचं लुटलं नाही असं सांगितलं. ऐकलं गेलं नाही. तिथल्याच झाडांवर सगळ्यांना फाशी दिलं. त्या झाडांना पुन्हा पालवी फुटली नाही असं लोक म्हणतात.

चर्चच्या आवाराच्या भिंतीत १८९७ मधला शिलालेख आहे. त्यात या माणसांना दगा देऊन पकडलं असं स्पष्ट लिहिलंय. समोरच्या कुरणात त्यांना पुरलं. मेंढ्या चरत होत्या. मला भेटीसाठी बोलावून केलेल्या घाताच्या आपल्याकडच्या कथा आठवल्या, पण त्या इथे ओढून आणायला मन होईना. ही जागा स्वतःच्या दुःखाला पुरेशी आहे. राजाला या कृत्याची किंमत मोजावी लागली. बारा वर्षांनी, १५४२ मध्ये सॉल्वे मॉसला त्याचं सैन्य इंग्रजांसमोर फुटलं, तेव्हा पळणाऱ्या स्कॉट सैनिकांना लिड्सडेलच्याच माणसांनी लुटलं.

मोटार नसेल तर कार्लाइल-एडिंबरा एक्स-९५ बस ए-७ वरून होलोज, लँगहोम, टेव्हिअटहेड असं जाते. रविवारी फेऱ्या कमी असतात. लिड्सडेलला मात्र गाडी हवीच.

सोमवार: टॅरास, हर्मिटेज, मँगर्टन

लँगहोमहून न्यूकॅसलटनला जाणारा डोंगरी रस्ता टॅरासच्या ओसाड माळावरून जातो. दहा मैलांत आम्हाला दोन गाड्या दिसल्या. हा सगळा पाणथळ प्रदेश आर्मस्ट्राँगांची लपायची जागा होती. १६०१ मध्ये इंग्लिश वॉर्डन रॉबर्ट केरी याने त्यांना इथे कोंडलं. तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी मागच्या वाटेने जाऊन केरीच्याच मुलखातली गुरं पळवली आणि त्यातली एक गाय त्याला भेट पाठवली, तुमच्याकडे दाणागोटा कमी पडत असेल म्हणून. अशी कथा आहे. केरीने शेवटी त्यांना धरलं ते निघायच्या वाटा अडवून. आता हा माळ लँगहोमच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून, दोन टप्प्यांत, दहा हजार एकरांहून जास्त असा विकत घेतलाय आणि राखीव निसर्गक्षेत्र केलंय. आम्ही थांबलो तिथे डोक्यावर कर्ल्यू पक्ष्याची लांब शीळ होती.

हर्मिटेज किल्ला बघाल तर बाहेरून चारी अंगांनी फिरून बघा. दोन टोकांना आकाशाएवढ्या कमानी, खिडक्या जवळजवळ नाहीत. १३४२ मध्ये विल्यम डग्लसने अलेक्झांडर रॅमसेला इथे कोंडून उपाशी मारलं. १५६६च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडची मेरी राणी जेडबराहून इथे जखमी सरदार बॉथवेलला भेटायला आली, आणि त्याच दिवशी परत गेली, पन्नासेक मैल घोड्यावर. परतल्यावर ती मरणाच्या दारात पोचली. बॉथवेलला जखमी केलं होतं एका एलियटने. आत प्रवेश आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

न्यूकॅसलटनला दुपार झाली. हे गाव १७९३ मध्ये बक्लूच्या ड्यूकने विणकरांसाठी सरळ रेषांत आखून वसवलं. गावकरी त्याला कॉपशॉ म्हणतात. चहाच्या दुकानात एका आजींनी आम्हाला रेल्वेची गोष्ट सांगितली. इथून एडिंबरा-कार्लाइल रेल्वे जायची. जानेवारी १९६९ मध्ये ती बंद झाली तेव्हा शेवटच्या रात्रीच्या गाडीपुढे गावाने फाटक लावून घेतलं. चर्चचे पाद्री पुढे होते, त्यांना पोलिसांनी धरलं. "मी फाटकाशी उभी होते, फार थंडी होती," आजी म्हणाल्या, आणि मँगर्टनची वाट त्यांनीच सांगितली: त्या बंद रेल्वेच्या मार्गाने जा.

आधी गावाच्या दक्षिणेला रस्त्याकाठचा मिलनहोम क्रॉस बघितला. साधारण १३२० मधला, हर्मिटेजमध्ये दग्याने मारलेल्या मँगर्टनच्या आर्मस्ट्राँगची आठवण. वर एटल्टनच्या दफनभूमीत आर्मस्ट्राँगांची थडगी दाटीने आहेत. इथून लिडेल नदीपलीकडे मँगर्टनची जागा येते, पण नजरेला फक्त झाडं आणि कुरण दिसतं.

वळसा घालून पलीकडे गेलो. वाटेत शेतावरच्या बाई चारचाकी मोटारसायकलवर मागे दोन ओली कोकरं घेऊन येत होत्या. परवानगी विचारली. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने जबाबदारीने कुठल्याही कुरणातून चालता येतं, तरी विचारावं. विण्याच्या दिवसांत मेंढ्यांजवळून जाऊ नये आणि फाटक जसं होतं तसं लावावं. बाई म्हणाल्या, "अमेरिकेहून, कॅनडाहून लोक येतात आणि मला विचारतात, किल्ला कुठेय? मी म्हणते, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

तसंच आहे. रेल्वेचा बांध अगदी कडेने जातो आणि त्याच्या शेजारी गवतात एका चौकोनाच्या भिंती काही फुटांपर्यंत उरल्या आहेत. कोपरे ओळखू येतात. शेवाळलेले दगड, मध्ये ढासळलेला ढीग, त्यावर काटेरी झुडपं. एका भिंतीत घराण्याचं चिन्ह आणि १५८३ हे साल कोरलेली शिळा. झिजलीय, पण बोटांना अक्षरं लागतात. तीन हजार स्वारांच्या घराण्याची ही गादी. मी चारी बाजू पावलांनी मोजल्या, भाच्याने वहीत आराखडा काढला. आपल्याकडे एखाद्या गडावर वाड्याचं जोतं सापडलं की आम्ही हेच करतो.

मँगर्टनचा शेवटचा प्रमुख आर्चिबाल्ड आर्मस्ट्राँग. १६१० मध्ये त्याला एडिंबरामध्ये मृत्युदंड दिला गेला, आणि तेव्हापासून या घराण्याला प्रमुख नाही. होलोजचा टॉवर जपला गेला, त्याबद्दल ते जपणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण मँगर्टनला एक छोटी पाटी, थोडी झुडूपसफाई आणि भिंतींना आधार एवढं तरी मिळायला हवं. दगड अजून निखळतायत, खाली ताजे पडलेले दिसले. मी त्या बाईंना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, पत्र लिहा, बाहेरच्या माणसाचं पत्र जास्त वाचतात. परतल्यावर भाच्याच्या आराखड्यासह ते पत्र मी स्कॉटलंडच्या वारसा खात्याला पाठवलंय. तुमच्यापैकी कोणी तिथे गेलात तर फोटो काढा, विशेषतः १५८३च्या शिळेचा आणि ईशान्येच्या कोपऱ्याचा, आणि मला पाठवा.